फेब्रुवारीतले तीन दिवस

पाचोरा तालुक्यातल्या एका भगिनीचं हे पत्र. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलं आहे, म्हणून नाव-गाव वगळून पत्राचा मुख्य भाग देते.

‘‘ताई, आमचं कृषी केंद्र, म्हणजे खताबियाण्यांचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई (वय ७१), मुलगी नववीत, मुलगा चौथीत. मी घर सांभाळून ब्लाउज शिवते. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण कुलदेवीला वणीला जाणं आणि नातेवाइकांची लग्नं सोडली तर आम्ही पाचही जण मिळून कुठं मुक्कामाला गेलेलो नाही. अजिंठा एवढं जवळ, तेही मी पाहिलेलं नाही. दर मे महिन्यात मुलांच्या हट्टापायी कुलू-मनालीच्या सहलीचे दर आणतो. पाच जणांचा आकडा लाखाच्या वर जातो आणि हे म्हणतात, ‘आधी घराचा हप्ता, मग हौस. पुढच्या सुटीत बघू.’ मुलाला समुद्र बघायचाय. आणि माझं विचाराल तर दुपारी तासभर नुसतं पडून राहावंसं वाटतं, पण पडले की चोरी केल्यासारखं वाटतं. कमी पैशात फिरणं कसं जमवायचं आणि वेळ कुठून आणायचा?’’

ताई, कुलू-मनालीच्या दरांचा तो कागद आधी कपाटात ठेवून द्या. बेत वाईट नाही, पण तुमच्या घराची पहिली सहल म्हणून तो फार जड आहे. आठ-दहा दिवस दुकान बंद, लाखावर खर्च, लांबचा रेल्वेप्रवास आणि सोबत एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. ज्या घराने एकत्र हौसेने एक रात्रही बाहेर काढलेली नाही, त्याने एकदम एवढं अंगावर घेऊ नये. तुम्हाला अडचण पैशाची वाटते आहे. मला ती महिन्याची वाटते.

दर वर्षी तुम्ही आधी ठिकाण ठरवता, आणि शाळेला सुटी म्हणून महिना आपोआप मे ठरतो. कृषी केंद्राचा माणूस मे महिन्यात हलू शकत नाही. महिना संपत आला की कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानासमोर गर्दी, खताची गाडी कधी लागेल याचा नेम नाही. जून-जुलै पेरण्यांचे. पुढे फवारणीची औषधं. दसरा-दिवाळीला हरभरा, गहू, मक्याचं बियाणं. कापूस विकला गेला की उधारीची वसुली, ती थेट संक्रांतीपर्यंत. यात ‘पुढच्या सुटीत’ कुठं बसते ते तुम्हीच सांगा. तुमच्या मिस्टरांनी टाळाटाळ केली असं मी म्हणणार नाही. दुकान बंद दिसलं की शेतकरी शेजारच्या दुकानात जातो आणि बहुतेक वेळा तिथलाच होतो. ही भीती खरी आहे, आणि ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला ती जास्तच वाटते.

पण याच दुकानाला एक मोकळा काळही आहे. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते होळीच्या आधीपर्यंत. कपाशी उपटून झालेली असते, गहू-हरभरा उभा असतो, वसुली बरीचशी आटोपलेली असते, आणि नवीन खरेदीला शेतकऱ्याला घाई नसते. हवा तर विचारूच नका. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन कुठंही निघणं हालच आहेत. फेब्रुवारीत सकाळी शाल लागते आणि दुपारी उन्हात उभं राहता येतं. म्हणून ठिकाणाआधी तारीख ठरवा. फेब्रुवारीतले तीन दिवस, शनिवार-रविवारला जोडून. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुटी कोणत्या वारी येते तेही पाहा. मुलांचा शाळेचा एखादा दिवस बुडाला तर बुडू द्या.

हे याच वर्षी करा असं मी आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. मुलगी नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, घरात टीव्हीसुद्धा बंद होईल. मग अकरावी-बारावी आणि क्लास. मग ती जळगावला, नाशिकला नाहीतर पुण्याला शिकायला जाईल. सासूबाईंचे गुडघे आज चालताहेत. पाचही जण एकत्र प्रवास करू शकतील अशी वर्षं तुमच्या हातात फार नाहीत, आणि त्यातलं सगळ्यात मोकळं वर्ष हेच आहे. मिस्टरांशी बोलताना ‘जायचं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘बघू’ असंच येतं. कॅलेंडर समोर ठेवून ‘फेब्रुवारीतले कोणते तीन दिवस?’ असं विचारा. आणि दुकानाचं आधी तुम्हीच सुचवा. कामाला मुलगा असेल तर किरकोळ विक्री तो सांभाळेल, नसेल तर आठ दिवस आधी काउंटरवर पाटी लावायची. मोठ्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन करून सांगायचं. फेब्रुवारीत तीन दिवस बंद दिसलेल्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटत नाही.

आता पैसे. इथे मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे, कारण हे एकट्या तुमच्या घरातलं नाही, आपल्या सगळ्या खानदेशातलं आहे. आपण फिरत नाही हे खरं नाही. आपण लग्नाला फिरतो. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लगीनसराई सुरू झाली की साखरपुडा, हळद, लग्न, सगळीकडे घरच्या घर निघतं. क्रूझर गाडी ठरवायची, सगळ्यांना नवे कपडे, आहेर, जावेच्या माहेरच्या लग्नात आपला मान राहिला पाहिजे म्हणून आणखी एक साडी. दुकान ऐन मे महिन्यात त्या दिवशी बंद राहतंच, तेव्हा ते कोणाला खटकत नाही. एक वही घ्या आणि मागच्या लगीनसराईत गाडीभाडं, आहेर, कपडे मिळून किती गेले ते आठवून लिहा. बेरीज तुम्हीच करा आणि मिस्टरांना दाखवा, वाद घालायला नाही, नुसती दाखवा. मला वाटतं, त्या बेरजेच्या निम्म्यात तुमची तीन दिवसांची सहल बसेल.

लग्नं टाळा असं मी म्हणत नाही. सख्ख्या घरातल्या लग्नाला पाचही जणांनी जायचं, दोन दिवस आधी जायचं आणि मनापासून राबायचं. पण चुलत-मावस नात्याच्याही पलीकडच्या लग्नाला घरातल्या एकाने जाऊन आहेर देऊन यावं. पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला आपल्या घराची हजेरी हवी असते, पाच जणांची पंगत नको असते. आपल्याकडे कोणी हे आधी सुरू करत नाही, एवढंच. तुम्ही करा. पहिल्या वर्षी दोन माणसं बोलतील, पुढच्या वर्षी त्यातलीच एक तुमच्यासारखं वागेल.

आणि एक अट. सहल तुमच्या शिवणकामाच्या पैशांतून काढू नका. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बायका हे करतात म्हणून सांगते. स्वतःच्या ब्लाउजच्या पैशांतून सहल काढली की ती ‘तिची हौस’ होते, आणि काही बिनसलं तर त्याचा दोषही तिच्याच पदरात पडतो. सहल घराची आहे, तर पैसाही घराच्या गल्ल्यातून यायला हवा. आता भाद्रपद सरत आला आहे. आजपासून दर आठवड्याला दुकानातून सातशे रुपये वेगळ्या खात्यात टाकलेत तर वीस आठवड्यांत चौदा हजार होतात. दुकानदाराला महिन्याच्या शेवटी तीन हजार काढायला जड जातं, आठवड्याला सातशे जात नाही. भिशीचा नंबर फेब्रुवारीच्या आत लागणार असेल तर तेही चालेल, पण नंबर कधी लागेल याच्या भरवशावर तिकिटं काढू नका.

तोपर्यंत मोठ्या सहलीची वाट बघत घरात बसायचं नाही. महिन्यातला एक दिवस बाहेर, एवढंच ठरवा. आणि इथे एसटीचा हिशेब तुमच्या बाजूने आहे, तो नीट समजून घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना निम्मं भाडं आहे. म्हणजे तुम्ही आणि तुमची मुलगी, दोघींचं अर्धं. सासूबाईंचं अर्धं, त्यांनी पंचाहत्तरी गाठली की पूर्ण मोफत. मुलगा बारा वर्षांच्या आतला, त्याचंही अर्धं. पूर्ण तिकीट लागतं ते फक्त तुमच्या मिस्टरांना. पाच माणसांचा प्रवास तीन तिकिटांत होतो. गाडी भाड्याने करायच्या आधी हा हिशेब करत जा. सासूबाईंचं आधार कार्ड मात्र पिशवीत असू द्या. आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, तिच्या भरवशावर गुजरात-मध्य प्रदेशात जाऊ नका.

पहिला दिवस पाटणादेवीचा. पाचोऱ्याहून साध्या गाडीने चाळीसगाव, तिथून अठरा-वीस किलोमीटर. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा हा भाग पावसाळा संपताना सगळ्यात देखणा असतो, धवलतीर्थ आणि केदारकुंडाला पाणी असतं. नवरात्रात गर्दी होते, त्याच्या आधी किंवा कोजागरीनंतर जा. चंडिकादेवीचं दर्शन सासूबाईंचं, धबधबा मुलाचा, आणि मुलीसाठी तिथे आणखी एक गोष्ट आहे. थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी इथे मठ काढला आणि त्या मठाला दान दिल्याचा १२०७ सालचा शिलालेख या पाटण गावी सापडला. आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायला राजे-सामंत जिथे पैसा देत होते ती जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. नववीत भूमिती-बीजगणिताशी झुंजणाऱ्या मुलीला हे तिथे, त्या डोंगराखाली उभं राहून सांगा.

दुसरा अजिंठ्याचा. जवळ राहून न पाहिलेल्या तुम्ही एकट्या नाही, खानदेशात घरोघरी हेच आहे. पाहुणे आले की त्यांना पाठवायचं आणि आपण स्वयंपाकाला थांबायचं. पहूरमार्गे फर्दापूरला उतरा. गाड्या तिठ्यावरच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीची बस नेते. तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही, म्हणजे तुमची दोन्ही मुलं मोफत. मुलीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत जा, एवढंच. सोमवारी लेणी बंद असतात, ते विसरलात तर अख्खा दिवस वाया. पायऱ्या चढणं सासूबाईंना झेपणार नसेल तर डोलीवाले असतात, भाव आधी ठरवून घ्या.

तिथे सगळी तीस लेणी एका दमात बघू नका, थकाल आणि काहीच लक्षात राहणार नाही. पहिलं, दुसरं, दहावं, सतरावं आणि सव्विसावं, एवढी पाच निवांत बघा. पहिल्यात पद्मपाणीचं, हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र आहे. आत शिरल्यावर दोन मिनिटं काही बघायचं नाही, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग रंग हळूहळू वर येतात. दहावं लेणं सगळ्यात जुन्यांपैकी, ख्रिस्तपूर्व काळातलं. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या डोंगरावरून हेच लेणं दिसलं. सव्विसाव्यात पहुडलेले बुद्ध आहेत, त्यांच्या पायाशी शोक करणारी माणसं बघायला मुलांना पाच मिनिटं द्या. नंतर खाली वाघूर नदीपाशी बसा. डबा तिथेच बाहेर खा, लेण्यांत खाणं चालत नाही आणि माकडं पिशव्या ओढतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बीच्या बियाण्यामुळे मिस्टरांना निघणं जमलं नाही तर? तर तुम्ही चौघं जा. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं. ‘हे आले तर जाऊ’ या एका वाक्यात आपल्याकडच्या कितीतरी बायकांची वर्षं गेली. एसटी आहे, सासूबाई सोबत आहेत, संध्याकाळी घरी परत. त्यांना दुकान सांभाळू द्या, संध्याकाळचं जेवण बाहेरून आणायला सांगा.

आता फेब्रुवारीतले तीन दिवस. मुलाला समुद्र हवा आहे आणि आपण सगळे गोव्याकडे बघतो. आपला समुद्र गोव्यापेक्षा खूप जवळ आहे. आपली तापी जिथे जाते तिथे. जळगावहून सुरतेची गाडी धरा. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गाडी तापीच्या खोऱ्यातूनच पश्चिमेला उतरते. हा प्रवास दिवसाच्या गाडीने करा, खिडकीची मजा त्यात आहे. चौथीच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातली पश्चिमवाहिनी नदी त्या दिवशी खरी वाटेल. वाटेत बार्डोली लागतं, १९२८ साली सरदार पटेलांनी शेतकऱ्यांचा सत्याग्रह लढवला ते. खताबियाण्याच्या दुकानदाराच्या घरात शेतसाऱ्याची ती गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. सुरतेहून नवसारी अर्ध्या-पाऊण तासावर, आणि नवसारीहून दांडी जवळच. महात्मा गांधी साबरमतीहून १२ मार्च १९३० ला चालत निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचललं, ती ही किनारपट्टी. तिथे आता मोठं स्मारक आहे, गांधीजी आणि त्यांच्याबरोबर चाललेल्या सत्याग्रहींच्या पुतळ्यांसह. सुटीचा वार आधी विचारून घ्या. समुद्र गढूळ आहे आणि ओहोटीला खूप आत जातो, म्हणून भरतीची वेळ स्थानिक माणसाला विचारा आणि मुलांना पाय भिजवण्यापलीकडे आत जाऊ देऊ नका. गोव्यासारखं निळं पाणी तिथे मिळणार नाही. पण दोन संध्याकाळी वाळूत खेळायला, शिंपले वेचायला आणि गर्दीवाचून बसायला जागा मिळेल. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या मुलाला तेवढं भरपूर आहे.

मुक्कामाचं बोलते. सुरतेत उधना-लिंबायतकडे ज्याचा कोणी नाही असा खानदेशी माणूस विरळा. तुमचेही कोणीतरी असतील आणि ‘घर असताना लॉजवर कशाला?’ म्हणतील. त्यांच्याकडे एक जेवण जेवा, मिठाई घेऊन जा, गप्पा मारा. मुक्काम मात्र नवसारीत भाड्याच्या खोलीत करा. दोन खोल्यांच्या घरात पाच पाहुणे उतरले की त्या घरातल्या वहिनीचे तीन दिवस आपल्या चहा-पोळ्यांत जातात. तुमची सुटी दुसऱ्या बाईच्या कामावर उभी राहायला नको, आणि शिवाय तिथे तुम्हीही तिच्याबरोबर पोळ्या लाटायला बसाल, हे मला इथूनच दिसतंय.

खर्चाचा माझा अंदाज असा आहे. शयनयान डब्याचं जाण्यायेण्याचं तिकीट, दोन रात्रींची मोठी खोली, तीन दिवसांचं साधं थाळीचं जेवण आणि नवसारी-दांडीच्या रिक्षा, हे सगळं पंधरा हजारांच्या आत बसतं. चौदा तुम्ही साठवलेत, उरलेलं लग्नाच्या एका साडीतून निघेल. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे डिसेंबरमध्ये तारीख आली की त्याच सकाळी तिकीट काढा, आणि परतीचंही त्याच वेळी. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तापी मार्गावर उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कामगारांची मोठी ये-जा असते, होळीच्या आणि छठच्या दिवसांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. होळीच्या आधी परत या. नऊ वर्षांच्या मुलाला वेगळी जागा मागितली तर पूर्ण भाडं लागतं, जागा नको म्हटलं तर अर्धं. प्रवास दिवसाचा आहे, तो तुमच्यात बसेल. सासूबाईंना रेल्वेत भाडेसवलत आता मिळत नाही, ती २०२० पासून बंद आहे, पण तिकीट काढताना त्यांचं वय बरोबर घातलंत तर खालची जागा मिळायची शक्यता वाढते.

समुद्र नंतर कधी करू म्हणालात, तर त्याच तीन दिवसांत बऱ्हाणपूर आणि असीरगडही होतं, आणि ते आणखी स्वस्त पडतं. भुसावळहून रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. फारुकी राजांच्या खानदेशाची ही राजधानी, म्हणजे आपलीच जुनी राजधानी, फक्त आज मध्य प्रदेशात आहे. तापीकाठचा शाही किल्ला, सातपुड्यातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा आणि मावा जिलबी. अकबराने १६०१ साली घेतलेला असीरगड तिथून वीसेक किलोमीटरवर. पण मुलाने समुद्र मागितला आहे, तर आधी समुद्रच.

ताई, आता तुमच्या पत्रातलं शेवटचं. दुपारी पडलं की चोरी केल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. सहलीचं सगळं जमलं आणि हे तसंच राहिलं तर सहलीतही तुम्ही दमूनच परत याल.

आपल्याकडची सहल कशी निघते ते आठवा. बाई पहाटे तीनला उठते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या, दोन दिवस पुरेल एवढं. मग सगळ्यांच्या पिशव्या. गाडीत वाढणारी तीच, पाण्याच्या बाटल्या मोजणारी तीच, परतल्यावर कपड्यांचा ढीग धुणारीही तीच. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते तेव्हा पुरुष कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, त्यांच्या कौतुकाचे फोटो निघतात, आणि पुऱ्या लाटायला घरातल्या बायकाच बसलेल्या असतात. म्हणून दांडीच्या सहलीसाठी नियम घाला: घरून डबा फक्त पहिल्या दुपारचा. त्यापुढे खाणावळ. खर्चात जेवण धरलेलं आहे, ते वाचवायला स्वयंपाकघर सोबत नेऊ नका. पिशव्या मुलगी भरेल, तिकिटं आणि पाणी मिस्टर बघतील, परतल्यावर पहिल्या दिवशी वरण-भाताचा कुकर कोणीही लावू शकतं. या डिसेंबरात भरीत पार्टी केलीत तर पुऱ्याही पुरुषांकडे द्या, नाहीतर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी विकत आणा.

आणि रोजच्या त्या तासाबद्दल. सासूबाईंना एकदा आखाजीचं, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचं विचारा. त्यांच्या माहेरच्या आखाजीचं. आपल्या खानदेशात लेकीबाळी आखाजीला माहेरी यायच्या, गौराई बसायची, निंबाच्या फांदीला झोके बांधले जायचे, आणि त्या दिवसांत सासुरवाशिणीला कोणी ‘काम सोडून झोका काय खेळतेस?’ म्हणत नसे. बाईच्या विसाव्याला गावाने ठरवून जागा दिलेली होती, सणाचा मान दिलेला होता. तुम्ही मागताय ते त्याहून कितीतरी कमी आहे. सासूबाईंशी हे असंच बोला, त्यांना ‘मला कंटाळा येतो’ या बोलण्यापेक्षा हे जास्त लवकर पटेल.

वेळ मात्र कोणी देईल म्हणून थांबू नका, बांधून घ्या. रोज जमणार नाही, तर आठवड्यातल्या दोन ठरलेल्या दुपारी, दोन ते साडेतीन. त्या वेळात शिलाईचं माप घ्यायचं नाही, फोन आला तर ‘चारनंतर या’ सांगायचं. गिऱ्हाईक बायका ऐकतात, दुकानाच्या वेळा पाळतातच की त्या. पडा, झोपा, वाचा, मैत्रिणीकडे जा. त्या दीड तासाचा उपयोग काय केला याचा हिशेब घरात कोणालाही द्यायचा नाही, स्वतःलाही नाही. पहिले काही आठवडे ते चोरीचं वाटणं जाणार नाही. तरीही उठू नका.

या आठवड्यात करायचं एवढंच: मिस्टरांचा दिवसाचा हिशेब मिटला की रात्री जेवणानंतर कॅलेंडर पुढ्यात ठेवा, तीन दिवसांना पेनाने गोल करून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत वेगळं खातं उघडून पहिले सातशे भरा. पाटणादेवीचा रविवार त्याच कॅलेंडरवर मुलांना ठरवू द्या. तिकिटं निघाली की मला कळवा. सुरतेकडच्या गाड्यांपैकी दिवसाची सोयीची कोणती, हे जळगाव स्टेशनावर चौकशी खिडकीवर आधी विचारून ठेवा, वेळापत्रक बदलत असतं.